पदवी कोणती आणि काम कोणते?

जून महिना लागला, की आपल्याकडील पुष्कळ घरांत एक विशिष्ट प्रकारची शांतता पसरते. 'नीट' या नावाने सर्वांच्या परिचयाच्या झालेल्या वैद्यकीय प्रवेश-परीक्षेचा निकाल लागलेला असतो. ज्या घरातील मुलाचा क्रमांक वर आला, त्या घरचे पेढे आपल्याकडे येतात. उरलेल्या घरांत वडील वर्तमानपत्रात डोके खुपसून बसलेले असतात आणि आई मुलीला 'चार घास तरी खाऊन घे' म्हणून विनवीत असते. २०२४ साली या परीक्षेस २३ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले होते. एम.बी.बी.एस.च्या जागा तेव्हा देशभर मिळून सव्वा लाखाच्या आतच होत्या. म्हणजे दर वीस जणांमागे जेमतेम एकाला जागा, आणि एकोणीस घरांत ती शांतता.

या एकोणीस घरांविषयी मला आज बोलावयाचे आहे. कारण नेमक्या त्याच पंधरा-वीस दिवसांत, मन खचलेले असताना, या घरांतून मोठे निर्णय घाईघाईने घेतले जातात. 'डॉक्टर नाही तर नाही, पण आरोग्याच्याच क्षेत्रात काहीतरी' असे मुलगी म्हणते. तेवढ्यात कोणीतरी एक गुळगुळीत कागदाचे पत्रक आणून देतो. त्यावर 'हेल्थ', 'वेलनेस', 'मॅनेजमेंट' असे दोन-तीन भारदस्त शब्द एकापुढे एक मांडून तयार केलेले पदवीचे नाव असते. हसतमुख मुलामुलींचे चित्र असते. शुल्काचा आकडा मात्र शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत असतो. ती पदवी घेतल्यावर नेमके कोणते काम करावयाचे आणि ते करण्याचा अधिकार कोण देणार, याविषयी पत्रक बहुधा मौन पाळते.

आरोग्याचे काम म्हणजे काय, हे आपण सहसा आजारपणातच पाहतो. माझ्या परिचयाच्या एका निवृत्त शिक्षकांना तीन वर्षांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. रुग्णालयात मेंदूचे डॉक्टर आले, त्यांनी तपासले, औषधे लिहिली आणि जीव वाचवला. त्यांचे ऋण मोठेच आहे. परंतु डॉक्टर दिवसातून पाच-दहा मिनिटे येत. बाकीचे तेवीस तास आणि पन्नास मिनिटे त्या गृहस्थांना कोणी सांभाळले? पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून परिचारिकांनी त्यांना दर दोन तासांनी कुशीवर वळवले. मेंदूचे छायाचित्र घेतले ते क्ष-किरण विभागातील तंत्रज्ञाने. घोट गिळता येतो की नाही, पाणी श्वासनलिकेत तर जात नाही ना, हे पाहण्यासाठी एक तरुण मुलगी आली. ती वाणी आणि श्रवण या शास्त्राची पदवीधर होती. पेज किती घट्ट असावी हे तिने सांगितले, त्यात काय घालावे हे आहारतज्ज्ञ बाईंनी ठरवले. चौथ्या दिवशी भौतिकोपचारतज्ज्ञ, म्हणजे ज्यांना आपण फिजिओथेरपिस्ट म्हणतो ते, आले आणि त्यांनी मास्तरांना खाटेच्या कडेवर बसते केले. पुढे सहा आठवड्यांत ते काठीच्या आधाराने चालू लागले.

चालू लागले, पण सदऱ्याचे बटण लावता येईना, भाकरीचा तुकडा मोडता येईना. ते शिकवायला आणखी एक व्यक्ती आली. तिचे शास्त्र व्यवसायोपचाराचे, इंग्रजी नावाने ऑक्युपेशनल थेरपीचे. भौतिकोपचार आणि व्यवसायोपचार यांत फरक काय, असे मला अनेक पालक विचारतात. मास्तरांचे उदाहरण पुरेसे आहे. पायांत आणि हातांत बळ आणि तोल आणण्याचे काम पहिल्याचे. त्या हाताने अंगरखा घालणे, जेवणे, लिहिणे, पुन्हा आपले आयुष्य जगणे, हे शिकवणे दुसऱ्याचे. एक गोष्ट मला अजून आठवते. मास्तरांना गणपतीची आरती पहिल्यापासून शेवटपर्यंत सुरात म्हणता येई, परंतु समोर उभ्या असलेल्या नातीचे नाव काही केल्या ओठांवर येत नसे. पाठ झालेले गाणे आणि मनात जुळवून बोललेले वाक्य यांच्या वाटा मेंदूत काहीशा निराळ्या असतात. त्या वाणीच्या पदवीधर मुलीने सुरांचा आधार घेऊन, पाच महिन्यांनी, ते नाव त्यांच्या तोंडून काढले.

एक डॉक्टर सोडले, तर या साऱ्या माणसांपैकी कोणापाशीही एम.बी.बी.एस.ची पदवी नव्हती. तरीही यांतील कोणतेही काम 'डॉक्टर होता आले नाही म्हणून' स्वीकारण्याच्या योग्यतेचे आहे, असे ते पाहणारा मनुष्य म्हणू शकणार नाही.

या विद्या आपल्याकडे कशा आल्या, हेही थोडे सांगितले पाहिजे. कमलाबाई निंबकर या मूळच्या अमेरिकन बाई. विष्णुपंत निंबकरांशी विवाह करून १९३० साली त्या हिंदुस्थानात आल्या आणि येथल्याच झाल्या. पुढे त्यांनी अमेरिकेत जाऊन व्यवसायोपचाराचे रीतसर शिक्षण घेतले आणि १९५० साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात या विद्येची पहिली शाळा काढली. आशिया खंडातही ती पहिलीच मानतात. त्याच सुमारास मुंबईत पोलिओची साथ आली. लुळ्या पडलेल्या मुलांची संख्या एवढी वाढली, की जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने १९५३ साली त्याच रुग्णालयात भौतिकोपचाराची शाळा निघाली. वाणी व श्रवण यांची अखिल भारतीय संस्था म्हैसूरला १९६५ साली स्थापन झाली. गंमत अशी, की ज्या पोलिओने भौतिकोपचार येथे आणला, तो रोग आपल्या देशातून गेला. २०११ च्या जानेवारीनंतर येथे त्याचा वन्य विषाणूमुळे झालेला रुग्ण आढळला नाही आणि २०१४ साली तसे प्रमाणपत्रही मिळाले. परंतु भौतिकोपचाराचे काम कमी झाले नाही, उलट वाढले. आयुष्य लांबले, गुडघे बदलले जाऊ लागले, पक्षाघातातून लोक वाचू लागले, आणि दिवसभर यंत्रापुढे बसून तिशीतच मान धरून येणाऱ्यांची एक नवीनच जमात जन्मास आली.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. पदवी निवडताना तिच्या नावाकडे न पाहता दोन प्रश्न विचारावेत असे माझे मत आहे. ही पदवी घेऊन सकाळी नऊ वाजता माझे हात कोणते काम करू लागतील, हा पहिला. आणि ते काम करणाऱ्यांची सरकारमान्य नोंदवही आहे काय, असल्यास या पदवीमुळे माझे नाव तीत चढेल काय, हा दुसरा. डॉक्टरांची नोंदवही आहे, हे सर्वांना ठाऊक असते. परिचारिकांसाठी १९४७ चा, औषधनिर्मात्यांसाठी १९४८ चा कायदा आहे. वाणी-श्रवणतज्ज्ञ आणि चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ यांची नोंद १९९२ च्या कायद्याने झालेल्या भारतीय पुनर्वसन परिषदेकडे होते. भौतिकोपचार, व्यवसायोपचार, आहारशास्त्र, नेत्रपरीक्षण, प्रयोगशाळा आणि क्ष-किरण तंत्र अशी बरीच क्षेत्रे मात्र दीर्घकाळ देशपातळीवर मोकळीच होती. महाराष्ट्रासारख्या काही राज्यांनी भौतिकोपचार व व्यवसायोपचार यांच्यापुरत्या परिषदा केल्या होत्या, एवढेच.

२०२१ साली संसदेने सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसायांचा राष्ट्रीय आयोग स्थापण्याचा कायदा केला. त्याच्या परिशिष्टात या व्यवसायांचे दहा वर्ग दिलेले आहेत. माझ्या दृष्टीने पालकांच्या उपयोगाची गोष्ट त्याच्या व्याख्येत आहे. तंत्रज्ञ वा साहाय्यक म्हणून काम करणाऱ्याची पदविका किंवा पदवी निदान २००० तासांची आणि दोन ते चार वर्षांत विभागलेली हवी. स्वतंत्रपणे उपचार वा सल्ला देणाऱ्या व्यावसायिकाची पदवी निदान ३६०० तासांची आणि तीन ते सहा वर्षांची हवी. दिवसाचे सहा तास धरले, तर ३६०० तासांचे ६०० दिवस होतात. रविवार आणि सण वजा घालून हा हिशेब आपण घरी मांडून पाहावा, आणि मग तीन महिन्यांत 'वेलनेस तज्ज्ञ' करून देणाऱ्या पत्रकाकडे पुन्हा एकवार पाहावे. कायदा झाला म्हणजे प्रत्येक राज्यातील नोंदणीची घडी त्याच दिवशी बसते असे नव्हे. म्हणून आपल्या राज्यातील परिषदेची स्थिती स्वतः चौकशी करून जाणून घ्यावी.

याला लागूनच दुसरी एक सूचना. आरोग्यविषयक पदव्या घरबसल्या, पत्रद्वारा किंवा संगणकावरून घेण्याची प्रथा मध्यंतरी बोकाळली होती. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ च्या जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून या कायद्याखालील अभ्यासक्रम दूरशिक्षणाने वा ऑनलाइन चालवण्यास मनाई केली. तीत मानसशास्त्र आणि आहार व पोषणशास्त्र हेही विषय आले. मला हा निर्णय योग्य वाटतो. दुसऱ्याच्या खांद्याचा सांधा हाताखाली कसा फिरतो, हे पडद्यावर पाहून कळत नाही. तेव्हा महाविद्यालय पाहावयास जाल तेव्हा इमारतीपेक्षा तिच्या शेजारचे रुग्णालय पाहा. खाटा भरलेल्या आहेत काय? विद्यार्थी रुग्णांजवळ दिसतात, की उपाहारगृहात? बाह्यरुग्ण विभागात सकाळी दहाला रांग नसेल, तर तेथे शिकणार कोणावर?

'वेलनेस' या शब्दाची मला अ‍ॅलर्जी आहे असा समज होऊ नये. निरोगी माणसाचे आरोग्य टिकवणे हे आजाऱ्याला बरे करण्याइतकेच मोलाचे आहे, आणि त्या कामात आपल्या मराठी माणसांनी पूर्वीच मोठी मजल मारलेली आहे. जगन्नाथ गणेश गुणे यांचा जन्म १८८३ साली बडोदे संस्थानातील डभोईचा. बडोद्यात जुम्मादादांच्या व्यायाममंदिरात राजरत्न माणिकरावांपाशी ते शरीरसाधना शिकले. पुढे स्वामी कुवलयानंद या नावाने त्यांनी योगाची आसने आणि प्राणायाम प्रयोगशाळेत नेले. १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केले. आसन करताना शरीरात काय घडते ते मोजून पाहा, असा त्यांचा आग्रह होता. आज एका महिन्याच्या वर्गानंतर प्रमाणपत्र घेऊन दुसऱ्याच्या पाठीच्या कण्याशी खेळणाऱ्यांनी हा आग्रह ध्यानात घ्यावा. योगाची खरी आवड असलेल्या विद्यार्थ्याला निसर्गोपचार व योग यांची बी.एन.वाय.एस. ही साडेचार वर्षांची आणि वर एक वर्ष रुग्णालयातील उमेदवारीची पदवी आहे. बेळगावकडील श्रोत्यांना हे सांगणे अगत्याचे, कारण कर्नाटकात तिची महाविद्यालये बरीच आहेत. ज्याचा ओढा क्रीडा आणि शरीरशिक्षणाकडे आहे, त्याने ग्वाल्हेरची लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्था विसरू नये. सत्तावन्नच्या समराला शंभर वर्षे झाली त्या १९५७ साली ती राणीच्या नावाने निघाली.

आहारशास्त्राची कथाही अशीच. बडोद्याला १९४९ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठ निघाले, हंसाबाई मेहता त्याच्या कुलगुरू झाल्या, आणि गृहविज्ञानाची शाखा तेथे उभी राहिली. 'स्वयंपाक शिकायला कॉलेज कशाला?' हा त्या काळचा आवडता विनोद. त्या शाखेच्या आहार व पोषण विभागाने पुढे देशभर नाव मिळवले. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था तर १९१८ साली कुन्नूरला मॅककॅरिसन साहेबांच्या एका खोलीत सुरू झाली आणि १९५८ साली हैदराबादला आली. दख्खनच्या पठारावर केवळ ज्वारीवर गुजराण करणाऱ्या गरिबांना पेलाग्रा हा त्वचेचा आणि मनाचाही रोग का होतो, याचा शोध डॉ. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे केला. ज्वारीतील ल्यूसिन नावाच्या घटकाकडे त्यांनी बोट दाखवले. भाकरी खाणाऱ्या आपल्या लोकांच्या ताटाचा विचार प्रयोगशाळेत होतो, हे आहारशास्त्र निवडणाऱ्या मुलीला कोणीतरी सांगितले पाहिजे. मात्र केवळ तीन वर्षांच्या पदवीवर रुग्णालयात नोकरी मिळणे कठीण. पुढे पदव्युत्तर शिक्षण, रुग्णालयातील उमेदवारी आणि भारतीय आहारतज्ज्ञ संघाची नोंदणी-परीक्षा, एवढा पल्ला मनाशी धरूनच निघावे. मानसशास्त्राचेही तेच. बी.ए.ला मानसशास्त्र घेतले म्हणजे मनोरुग्णावर उपचार करण्याचा अधिकार येत नाही. पुनर्वसन परिषदेची मान्यता असलेला पुढचा अभ्यासक्रम लागतो. पालकांना हे बहुधा तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस समजते.

परिचर्येविषयी थोडे स्पष्ट बोलतो. पांढरपेशा मराठी घरांत मुलीला नर्सिंगला घालण्याविषयी अजून एक नाखुशी असते, आणि मुलाला घालण्याचा तर विचारही शिवत नाही. तीच घरे आजोबांच्या उशाशी परिचारिका शिकलेलीच हवी म्हणून हट्ट धरतात! चार वर्षांची बी.एस्सी. नर्सिंग ही पदवी घेऊन नोकरीवाचून बसलेली व्यक्ती माझ्या तरी पाहण्यात नाही. रात्रपाळी असते, पाय दुखतात, रक्त आणि मलमूत्र यांची किळस सोडावी लागते. ज्याला हे झेपेल त्याने जरूर जावे; ज्याला झेपणार नाही त्याने प्रयोगशाळा तंत्र किंवा फार्मसी पाहावी. फार्मसीला जीवशास्त्राऐवजी गणित घेतलेले विद्यार्थीही चालतात, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आपल्या कुटुंबांची एक निराळी अडचण आहे. वैद्यकाचे शिक्षण आपल्या गावांना नवे नाही. पणजीची वैद्यकीय शाळा १८४२ ची, म्हणजे मुंबईच्या ग्रँट कॉलेजाहूनही तीन वर्षांनी जुनी; इंदूरला १८७८ पासून वैद्यकीय शाळा होती; ग्वाल्हेरचे गजराराजा महाविद्यालय १९४६ चे. परंतु प्रवेशाचे नियम राज्याराज्यांचे. 'आपण मराठी, तेव्हा पुण्यात जागा मिळेलच' या भरवशावर राहून इंदूरच्या एका मुलाने मध्य प्रदेशातील अर्जाची मुदत घालवल्याचे मला माहीत आहे. भाषा मराठी असली तरी अधिवास जेथला असेल, तेथल्या कोट्यात आपण मोडतो. याला अपवाद सीमाभागाचा. महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांतील विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्राच्या वैद्यकीय प्रवेशात स्वतंत्र तरतूद आहे. मात्र जागा थोड्या आणि कागदपत्रे पुष्कळ, म्हणून दाखले बारावीच्या वर्षातच जमवून ठेवावेत. आणखी एक. महाराष्ट्रात भौतिकोपचार व व्यवसायोपचार यांचे प्रवेशही नीटच्याच गुणांवर होत आले आहेत. तेव्हा एम.बी.बी.एस. हुकले म्हणून ती गुणपत्रिका रागाच्या भरात फाडू नका.

सीमेवर राहणाऱ्या मुलांपाशी एक भांडवल असते, त्याची किंमत मात्र त्यांना नसते. बेळगावची मुलगी रुग्णाशी मराठीत आणि कानडीत बोलते. हैदराबादची मराठी, तेलुगू आणि दख्खनी हिंदीत. गोव्याची मराठी आणि कोंकणीत. वाणीचा उपचार तर रुग्णाच्या भाषेतूनच करावा लागतो. ज्याला पक्षाघातानंतर केवळ लहानपणची बोली उरली आहे, त्याच्यापुढे इंग्रजी शब्दांची चित्रपत्रे धरून काय उपयोग?

मास्तरांच्या ज्या नातीचा मी मघाशी उल्लेख केला, ती यंदा बारावी झाली. नीटमध्ये तिला वैद्यकीय जागेपुरते गुण नाहीत. वडिलांनी कुठल्याशा पत्रकावरून एका 'वेलनेस' पदवीचे पैसे भरण्याची तयारी केली होती. आजोबांनी, अजून अडखळत, पण स्वतःच्या शब्दांत, त्यांना थोडे थांबायला सांगितले. मुलीने वाणी-श्रवण विभागाच्या प्रमुखांना पत्र लिहून आठ दिवस नुसते बसून पाहण्याची परवानगी मागितली. ती मिळाली आहे. सोमवारपासून ती जाणार आहे. आजोबांना शिकवले त्या बाईंच्या खोलीच्या दाराशी एक लहान स्टूल आहे, त्यावर. पहिल्या दिवशी येणारा रुग्ण चार वर्षांचा एक मुलगा आहे. त्याला नुकतेच श्रवणयंत्र बसवले आहे आणि त्याने अद्याप एकही शब्द उच्चारलेला नाही.